न बोललेला नवस

आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना थंड हवेची ठिकाणं म्हणजे दुसऱ्यांच्या गाड्या. एप्रिल लागला की पोलादपूर सोडून घाट चढणाऱ्या गाड्यांची रांग सुरू होते. टपावर बॅगा, खिडकीतून बाहेर आलेली पोरांची तोंडं, आणि वाडीच्या वळणावर येईपर्यंत त्यातल्या निम्म्या पोरांना उलटी. अंकिता लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या पोरांना पाणी देत होती, लिंबं कापून देत होती. एकदा तर मुंबईच्या कुणा बाईची घाण झालेली ओढणी तिनं धुऊन, वाळवून दिली होती. पण आपणही गाडीत बसावं, वर जावं, चार घटका हवा खाऊन यावं, हे तिला कधी सुचलं नव्हतं. आणि सुचून तरी काय? गुरं कोण बघणार होतं, तिचा मामा?

म्हणून दुपारी जेवताना धाकटा दीर जितेश म्हणाला, "वहिनी, उद्या सगळे वर जाऊया. तीन दिवस. रूम बुक आहे, गाडी आहे, तुम्ही फक्त बसायचं," तेव्हा तिच्या हातातली कालवणाची पळी तशीच राहिली.

"सगळी?"

"सगळी. आईसुद्धा. गुरांना शेजारचा हैबती चारा घालेल, मी बोललोय त्याच्याशी."

"आणि कुठं, महाबळेश्वरला?"

"पाचगणीला," जितेश म्हणाला. "महाबळेश्वरला काय आहे? गर्दी, माकडं आणि मक्याची कणसं."

"देव हाय," गोदूबाई म्हणाल्या. सासूबाई भिंतीला टेकून, पाय लांब करून जेवत होत्या. गुडघे दुखायला लागल्यापासून मांडी घालणं बंद होतं त्यांचं.

"देव आपल्या गावात पण आहे ना, आई."

अंकिताला हे काही पटेना. आधी लागतं महाबळेश्वर. लोक कुठून कुठून तिथं येतात. ते वाटेत टाकून आणखी पुढं पाचगणीला जायचं म्हणजे ताटातलं सोडून दुसऱ्याच्या पानात बघायचं. ती तसं म्हणालीही. तर तिचा नवरा, दीपक, खाली मान घालून भात कालवत म्हणाला, "पाचगणी बरी हाय. हवा कोरडी हाय तिथली."

खरं तर इथंच तिला शंका यायला हवी होती. शिमग्यात खालच्या खाचराच्या बांधावरून दोघा भावांची जुंपली होती, ती एवढी की पालखी दारात असताना एक ओटीवर आणि दुसरा परसदारी. तेव्हापासून जितेशनं दिवसाला दिवस म्हटलं तरी दीपक रात्र म्हणायचा. आणि आज हवेच्या कोरडेपणावर दोघांचं एकमत! पण बाईमाणसाला कुणी तीन दिवस चुलीपासून उठवतंय म्हटल्यावर डोकं जरा हलकंच होतं. अंकितानं हसून पळी टोपात सोडली आणि जावेला विचारलं, "सेजल, तिथं थंडी असंल काय गं? पोरींचे स्वेटर काढू?"

"प्रियूचा मी आणलाय, ताई," सेजल म्हणाली. "नेव्ही ब्लू."

गौतमीचा आणला नव्हता. गौतमी तीन वर्षांची, धाकटी. तिला थंडी वाजत नसावी.

सेजलशी अंकिताचं वाकडं नव्हतं, हे सांगून ठेवलेलं बरं. मुंबईत वाढलेली पोर, पण इथं आली की पदर खोचून भांड्यांना बसायची. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी कूस उजवली नव्हती. डॉक्टर झाले, देव झाले, सुया टोचून टोचून दंड काळेनिळे झाले, आणि गेल्या गणपतीत तिनं अंकिताच्याच मांडीवर डोकं ठेवून सांगितलं होतं की आता बस झालं, आता नाही करायचं काही. तेव्हा अंकिता तिच्याइतकीच रडली होती. तेव्हापासून प्रियदर्शिनीला, म्हणजे अंकिताच्या थोरलीला, मुंबईहून काही ना काही येत होतं. फ्रॉक, रंगपेट्या, गोष्टींची इंग्रजी पुस्तकं. अंकिता म्हणायची, येऊ दे की. पोरीवर जीव लावणारं एक माणूस वाढलं तर वाईट काय?

ऊन कलल्यावर ती परसात वाळत घातलेली आमसुलं गोळा करायला गेली, तर काजूच्या झाडाखाली प्रियू एकटीच उभी. पायात कोरे काळे बूट, पांढरे मोजे, हात पाठीमागे. समोर कुणीच नाही आणि ही झाडाकडे बघून हसतेय.

"काय गो, झाडाला दात दाखवतेस?"

"प्रॅक्टिस करतेय. काकी म्हणाली, मॅडम आत बोलावतील तेव्हा आधी हसायचं, मग गुड मॉर्निंग म्हणायचं."

"कुठल्या मॅडम?"

प्रियूनं जीभ चावली. दहा वर्षांची पोर, तिला कितीसं लपवता येणार?

"कुठल्या मॅडम, प्रियू?"

"पाचगणीच्या शाळेच्या. तिथंच राहायचं असतं. घोडे पण हायत तिथं." मग आईच्या तोंडाकडं बघत तिनं घाईघाईनं पुढचं सांगितलं, "बाबा म्हणाले, आईला आत्ता नको, तिथं गेल्यावर सांगू. तिथं गेल्यावर आई नाय म्हणणार नाय."

आमसुलांचं सूप अंकिताच्या हातातून पडलं नाही. तिनं ते नीट जोत्यावर ठेवलं, आमसुलांवर फडकं टाकलं, आणि मग ती गोठ्याकडे निघाली. रागाची तिची रीतच अशी होती. आधी हातातलं काम संपवायचं.

दीपक म्हशीला खरारा करत होता. बायको दारात दिसताच त्याचा हात थांबला. तिच्या चालण्यावरूनच त्याला कळलं असणार.

"कवापासून ठरलंय हे?"

"अगो, मी सांगणारच होतो तुला..."

"कवापासून?"

"शिमग्यानंतर. जितेशनंच फोन केलान." त्यानं खरारा खुंटीला लावला. "बांधाचं मिटवूया म्हणाला. मग म्हणाला, दादा, प्रियू हुशार हाय, तिला असं वाया घालवू नको. आता तूच सांग, वाया नाय जाणार ती? इथली शाळा पाचवीपर्यंतच हाय. मग रोज एसटीनं पोलादपूर. पावसात दरड आली की आठ-आठ दिवस घरात. तुला काय वाटतं, मला पोर नकोशी झालीय?"

"आणि खर्च?"

"तो करणार हाय."

"आणि सुट्टीत?"

दीपक वाकून म्हशीचं दावं सारखं करायला लागला. 

"अहो, सुट्टीत पोरगी कुठं येणार?"

"थोडं तिकडं, थोडं इकडं. त्यांचंच नाव लागणार ना शाळेत, पालक म्हणून. बघायला त्यांनाच जावं लागणार. ते इंग्रजीतनं बोलणार, आपल्याला काय येतंय?" आणि मग, माणूस वाईट नसला तरी अशा वेळी नेमकं जे बोलू नये तेच त्याच्या तोंडून गेलं. "त्या बिचारीला एकपण नाय गो. तुझ्याकडं गौतमी हाय की."

अंकिताच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिला ओरडायचं होतं, की पोरी म्हणजे काय म्हशी आहेत, एक विकली तर दुसरी दावणीला आहेच म्हणून? पण लग्न झाल्यापासून या माणसापुढं तिनं आवाज चढवला नव्हता. सासरे गेल्यावर घराचा कारभार ह्यानं घेतला, शेतं ह्यानं वाटली, पोरींची नावं ह्यानं ठेवली, आणि प्रत्येक वेळी ती "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाली होती. आताही तोंडापर्यंत आलेलं तिनं गिळलं आणि मागं फिरली. गिळलेलं मात्र आत जाईना. 

दिवेलागण झाली. तुळशीपुढं दिवा लावून सगळी ओटीवर बसली. रस्त्यावरून अजून गाड्या चढतच होत्या. जितेशनं मोबाईल काढून सकाळी किती वाजता निघायचं, नाश्ता कुठं करायचा, ते सांगायला सुरुवात केली. प्रियू सेजलच्या मांडीला रेलून बसली होती आणि सेजल तिच्या केसांतून बोटं फिरवत होती. रोजचंच दृश्य होतं. आज अंकिताला ते बघवेना.

"पाचगणीला नाय जायचं," ती म्हणाली. "महाबळेश्वरला जायचं."

"वहिनी, बुकिंग झालंय..."

"नवस हाय माझा."

 नवस म्हटल्यावर बोलायचं काय? बुकिंग मोडता येतं, नवऱ्याचा शब्द मोडता येतो, पण नवसापुढं या वाडीत कुणाची टाप नाही. अंकितालाच आपल्या हुशारीचं नवल वाटलं.

"कसला नवस?" दीपकनं विचारलं.

"प्रियू झाली तवा नाय का, पावसात, घाट बंद, पोर काळी-निळी पडलेली? तवा बोलले होते मी महाबळेश्वराला. पोर वाचली तर तुझ्या पायाशी आणून उभी करीन." एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण खोट्याचं असंच असतं, एकदा सुरू झालं की माणसाला त्यातच बळ येतं. "आणि नवस फिटेपर्यंत तिला दुसऱ्याच्या छपराखाली राहायला धाडणार नाय, असंपण बोलले होते."

सेजलची बोटं केसांत थांबली. जितेशनं आधी भावाकडं बघितलं, मग वहिनीकडं. त्याला कळलं. हिला कळलंय, हे त्याला कळलं.

"दिवाळीत ती आमच्याकडे राहिली होती, वहिनी."

"मी होते बरोबर."

"ठीक आहे. मग गाऱ्हाणं कुणी घातलं?" जितेश उठून उभा राहिला. "सोनबा काकानंच घातलं असणार ना? समोर तर घर आहे. हाक मारतो. त्याला सगळ्यांचे नवस पाठ असतात."

 रागाच्या भरात अंकिता हेच विसरली होती. मनातल्या मनात नवस बोलायची या वाडीत रीतच नाही. सोनबा गुरवानं गावदेवीपुढं गाऱ्हाणं घालायचं, मग देव कुठलाही असो, पार महाबळेश्वरचा असो. आणि घरातल्या वडीलधाऱ्यानं मागून "होय महाराजा" म्हणायचं, तेव्हा तो नवस. न बोललेला नवस देवापर्यंत पोचत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. जितेश ओटीच्या पायरीवर गेला, तोंडाशी हात नेला.

"बस खाली," गोदूबाई म्हणाल्या.

"आई, फक्त विचारतो..."

"सोनब्याला काय विचारतोस? मी होते. मी गेले होते हिच्या बरोबर. 'होय महाराजा' मीच म्हणाले."

बाळंतपणाच्या त्या पावसात गोदूबाई माहेरी होत्या, भावाच्या बाराव्याला. हे दीपकला ठाऊक होतं, अंकिताला ठाऊक होतं. दीपकनं तोंड उघडलं आणि आईकडं बघून मिटलं. अंकितानं जमिनीकडं नजर लावली. सासू-सुनेचं एरवी मिठाच्या खड्यावरून वाजायचं. ही बाई आपल्यासाठी देवाच्या नावानं खोटं बोलेल, असं कुणी तिला काल सांगितलं असतं तर ती हसली असती.

पण जितेशही याच आईचा मुलगा. तो परत बसला, डोकं खाजवलं, आणि हळूच हसला.

"मग तर सोपंच झालं की! सकाळी आधी महाबळेश्वर. देवाला जाऊ, नवस फेडू. तिथून पाचगणी किती, अर्ध्या-पाऊण तासावर. शेजारी शेजारी तर आहेत दोन्ही." त्यानं वहिनीच्या डोळ्यांत बघितलं. "एकदा नवस फिटला की झालं ना, वहिनी? मग पोरगी कुठंही राहायला मोकळी. तुमचाच शब्द आहे."

 अंकितानं स्वतःच दार बांधलं होतं, स्वतःच त्याला कडी बसवली होती, आणि ती कशी काढायची तेही स्वतःच्याच तोंडानं सांगून बसली होती.

ती चुलीपुढं भाकऱ्या थापायला बसली. गोदूबाई गुडघ्यावर हात देत आत आल्या आणि तिच्यासमोर पाटावर टेकल्या.

"भाकर जळली," त्या म्हणाल्या.

अंकितानं ती उलटली. "आई, तुम्ही कशाला खोटं बोललात?"

"तू कशाला बोललीस?"

"मग काय करू? ह्यांनी सगळं ठरवलं. मला विचारलंनपण नाय. माझ्या पोटची पोर..." इथं तिला रडू आलं, आणि एकदा आल्यावर तिनं ते येऊ दिलं. गोदूबाईंनी तिला रडू दिलं. पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. ती त्यांची रीत नव्हती. त्यांनी फक्त तव्यावरची भाकर उतरवली, दुसरी टाकली, आणि मग म्हणाल्या,

"एक सांग मला. नाय म्हणायला तुला देव कशाला लागतो?"

"अं?"

"आई हायेस ना तू तिची? मग सरळ म्हण की, नाय देणार. देवाला मधी कशाला घालतेस? तो काय तुझा वकील हाय?" त्या खोकल्या. "आज मी सावरलं. उद्या देवळात मी नाय सावरणार. देवाच्या दारात मी खोटं बोलायची नाय, आणि तूपण बोलू नको."

सकाळी निघायच्या आधी प्रियूची वेणी घालताना अंकितानं तिला विचारलं. विचारायला तिला फार धीर करावा लागला. उत्तर काय येईल याचीच तिला भीती होती.

"तुला जायचंय त्या शाळेत?"

"हो." उत्तर आलं ते विचार न करताच. "आई, इथं पाचवीत मी आणि स्नेहल दोघीच राहिलोय. आणि स्नेहल पण पनवेलला चाललीय मामाकडं. तिथं ना आई, पुस्तकांची एक अख्खी खोली हाय."

"आणि मी?"

"तू इथं. मी गणपतीला येईन ना!"

पोरगी हे आनंदानं म्हणाली. तिला त्यात काही वाटलं नाही. गणपतीला येईन. मुंबईची माणसं म्हणतात तसं. येतात, मोदक खातात, ओटीवर फोटो काढतात, आणि विसर्जन झालं की गाड्या भरून निघून जातात. जितेशही नऊ वर्षांचा असताना मामाबरोबर मुंबईला गेला होता, तेव्हापासून तोही असाच गणपती-शिमग्याला यायचा. स्वतःच्या घरात येऊन "आई, पाणी घेऊ का?" असं विचारायचा. अंकितानं वेणी पक्की ओढली, रिबिन बांधली. पोरगी शाळेत गेली तर ते तिला चालण्यासारखं होतं, हे तिला त्या क्षणी कळलं आणि तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. पोरगी पाहुणी होऊन परत येणं, ते नव्हतं चालणार.

घाटात गौतमीला दोनदा उलटी झाली.  महाबळेश्वरच्या बाजारातून गाडी पुढं देवळाकडं, क्षेत्र महाबळेश्वरच्या रस्त्याला लागली तेव्हा काचेतून गार वारा आला आणि दीपक म्हणाला, "हवा चांगली हाय."  कोरडी आहे की ओली, ते कुणी विचारलं नाही.

देवळात बरीच गर्दी होती. शेजारच्या देवळात गोमुखातून पाच नद्यांचं पाणी पडत होतं. ह्यातलीच एक सावित्री, जी खाली पोलादपुरावरून जाते, ती दाखवायला जितेशनं प्रियूला उचलून धरलं. मग सगळे महाबळेश्वराच्या गाभाऱ्यापाशी गेले. ताटात नारळ, फुलं, खण. आतले महाराज घाईत होते.

"काय आहे, अभिषेक की नवस?"

"नवस," जितेश म्हणाला.

"मुलीचा? नाव काय? प्रियदर्शिनी. बरं, मुलीला पुढं घ्या. आणि मुलीच्या आईनं पदर पुढं करा, नारळ घ्या."

महाराजांनी मंत्र पुटपुटत नारळ उचलला आणि हात पुढं केला. आणि समोर ओढणी पसरली गेली. पिवळी, बारीक ठिपक्यांची. सेजलची.

तिनं ते मुद्दाम केलं नव्हतं. अंकिताला ते तेव्हाही दिसलं आणि पुढं जन्मभर ती हेच सांगत राहिली, की मुद्दाम नव्हतं केलं. नऊ वर्षं जी बाई प्रत्येक देवळात त्या एका हाकेची वाट बघत उभी राहिली होती, तिचे हात हाक ऐकून आपसूक पुढं झाले, एवढंच. सेजलनं स्वतःच्या ओढणीकडं बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण हात मागं घेता येईनात. महाराज नारळ धरून तसेच थांबले, एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत.

"आई नक्की कोण यांतली?"

"मी," अंकिता म्हणाली. "महाराज, नारळ ठेवा खाली. नवस नाय. मी खोटं बोलले होते."

"वहिनी!"

"बाई, मागे लाईन आहे," मागून कुणीतरी ओरडलं.

"असू दे लाईन," अंकिता म्हणाली. तिचा आवाज एवढा चढला होता की घंटा वाजवणारा माणूससुद्धा थांबला. तिला स्वतःलाही तो आवाज ओळखू आला नाही. "नवस बोललेलाच नाय. पोरगी माझी हाय आणि ती मी कुणाला देणार नाय, एवढंच मला म्हणायचं होतं. ते सरळ म्हणता आलं नाय म्हणून देवाला पुढं केलं. चुकलं माझं." तिनं गाभाऱ्याकडं बघून हात जोडले, प्रियूचा दंड धरला आणि ती बाहेर पडली.

बाहेर दगडी पायऱ्यांवर सगळे तिच्या मागून आले. जितेशचं तोंड लालबुंद झालं होतं.

"म्हणजे झालं? पोरीचं आयुष्य घालवणार तुम्ही हट्टापायी? दादा, तू शब्द दिला होतास मला!"

दीपकनं चप्पल शोधल्याचं निमित्त केलं. मग ते सोडलं. "दिला होता," तो म्हणाला. "हिला न विचारता दिला. तो शब्द माझा नव्हता रे द्यायचा."

अंकितानं नवऱ्याकडं बघितलं. एवढं बोलायला त्याला काय पडलं असेल ते तिला माहीत होतं.

"भावजी, शाळेला नाय कोण म्हणतंय?" ती म्हणाली. "पोरीला जायचंय. जाऊ दे तिला. पण पालक म्हणून नाव आमचं लागणार. सुट्टी लागली की ती घरी येणार, गणपतीची वाट बघत बसणार नाय. घाट उतरलं की घर हाय, लांब का हाय? आणि फी तुम्ही भरत असाल तर काका म्हणून भरा. बाप म्हणून नको."

"व्वा! पैसे आमचे आणि..." जितेशनं स्वतःलाच आवरलं. पण आतलं काहीतरी उसळून आलंच. "मी नाही गेलो? नऊ वर्षांचा होतो मी. आईनं धाडलंच ना मला? काय वाईट झालं माझं? मेलो का मी? उलट घराला मीच उभं केलं. आईनं मन घट्ट केलं म्हणून झालं ते. तुमच्यासारखं देवळात तमाशा करून नाही!"

"मी नाय धाडला तुला," गोदूबाई म्हणाल्या.

त्या पायरीवर बसल्या होत्या, गौतमीला मांडीवर घेऊन. आवाज अगदी साधा होता.

"काय?"

"मला कुणी विचारलंच नाय. मी रानात गेले होते, गवताला. भारा घेऊन आले, तर तुझा मामा तुला घेऊन गेलेला. तुझे बाबा म्हणाले, गेला, आता रडू नको, पोराचं चांगलं होईल." त्यांनी गौतमीचं नाक पदरानं पुसलं. "मी सडकेपर्यंत धावले. एसटी गेलेली. कुणी मला विचारलं असतं ना जित्या, तर मी नाय म्हटलं असतं. नायच धाडला असता."

 चाळिशी ओलांडलेला माणूस, कंपनीत हाताखाली माणसं असलेला, जितेश त्या पायरीवर आईच्या शेजारी मटकन बसला.

"मला तर मामा म्हणायचा..." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मामा म्हणायचा, तुझ्या आईलाच तू जड झालायस. तिनंच सांगितलं, घेऊन जा. मला वाटायचं, तूच... म्हणून मी कधी तुला... आये, मला कुणी सांगितलं नाय गो."

"मला तरी कुठं म्हायती, की तुला ठावं नाय," गोदूबाई म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांसमोर त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. जितेश दोन्ही हातांत तोंड धरून रडला. दर्शनाला निघालेली माणसं त्याला वळसा घालून जात होती.

दीपक त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. 

सेजल मात्र लांब, चपलांच्या जवळ एकटी उभी होती. ओढणी तिनं मुठीत गोळा करून छातीशी धरली होती. कुणी तिच्याकडं बघत नव्हतं आणि तीही कुणाकडं बघत नव्हती. अंकिता प्रियूला घेऊन तिच्यापाशी गेली.  समजूत घालावी तर कशाची, आणि रागवावं तर कशावर?

"ताई, मी मुद्दाम नाही हो..."

"ठावं हाय मला."

"मी इथंच थांबते. तुम्ही जाऊन या पाचगणीला."

"थांबतेस कशाला?" अंकिता म्हणाली आणि तिनं प्रियूचा मोकळा हात सेजलच्या हातात दिला. दुसरा तिनं स्वतःच धरून ठेवला होता, तो सोडला नाही. "चल. त्या मॅडमना काय विचारायचं ते इंग्रजीत तू विचार. हो की नाय, ते मी सांगीन."